विल्यम बटलर येट्स

विल्यम बटलर येट्स (१३ जून, इ.स. १८६५ – २८ जानेवारी, इ.स. १९३९) हे इंग्लिश भाषेत लिहिणारे आयरिश कवी, नाटककार व निबंधकार होते. इ.स. १९२३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले आयरिश साहित्यिक होत. डब्लिन येथील ॲबी थिएटरच्या संस्थापकांपैकी ते एक होते. आयरिश मुक्त राज्य स्थापन झाल्यावर ते तेथील सिनेटचे सदस्यही होते. त्यांच्या आडनावाचे इंग्लिश स्पेलिंग कवी कीट्स यांच्या नावासारखे असल्यामुळे मराठीत कधी कधी 'यीट्स' असे लिहिले जाते. उच्चार मात्र 'येट्स' असाच आहे.

येट्स यांच्या काव्याचा पाया आयर्लंडच्या लोककथांत व पुराणकथांत आहे. परंतु त्यांचा जन्म अल्पसंख्य प्रोटेस्टंट समाजात झाला होता, आणि या कथा जपणारा शेतकरी व कोळी समाज बहुतांशी कॅथलिक होता. त्यांतील पुष्कळ कथा मुळात आयरिश (गेलिक) भाषेतील होत्या आणि ती भाषा येट्स यांना अखेरपर्यंत आली नाही. दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या, बऱ्याचदा दुसऱ्यांनी भाषांतरित केलेल्या कथांवर त्यांनी आपले लेखन उभे केले. हा त्यांचा अधिकार होता काय, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला गेला. या कथांना त्यांनी दिलेल्या रूपाचे परिणाम काय झाले, हा प्रश्न उतारवयात त्यांनी स्वतःलाच विचारला.

घराणे व बालपण

येट्स यांचा जन्म डब्लिनमधील सँडिमाउंट या भागात झाला. त्यांचे वडील जॉन बटलर येट्स यांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते. परंतु चित्रकार होण्यासाठी त्यांनी तो व्यवसाय सोडला आणि इ.स. १८६७ मध्ये कुटुंबासह ते लंडनला गेले. ते उत्तम व्यक्तिचित्रे काढीत, पण हाती घेतलेले चित्र पूर्ण झाले असे त्यांना सहसा वाटतच नसे. त्यामुळे घरात पैशाची चणचण कायमची होती. आई सुसान ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्लायगो गावच्या पोलेक्सफेन या व्यापारी घराण्यातील होती. या घराण्याच्या पिठाच्या गिरण्या आणि मालवाहू जहाजे होती. येट्स यांच्या बहिणी लिली व एलिझाबेथ यांनी पुढे हस्तकला व मुद्रण या क्षेत्रांत नाव मिळवले, तर धाकटा भाऊ जॅक हा आयर्लंडच्या श्रेष्ठ चित्रकारांत गणला जातो.

लंडनमध्ये राहत असतानाही मुलांचे मन स्लायगोत असे. सुट्ट्यांत, आणि कधी कधी महिनोन्महिने, ती आजोळी राहत. स्लायगोच्या उत्तरेस बेन बुल्बेन हा सपाट माथ्याचा चुनखडीचा डोंगर आहे. फेनियन कथांतील वीर डीअर्मुड याचा रानडुकराशी झुंजताना तेथेच मृत्यू झाला, अशी आख्यायिका आहे. पश्चिमेस नॉकनारे नावाची टेकडी असून तिच्या माथ्यावरील दगडांच्या प्रचंड राशीखाली राणी मेव्ह पुरली आहे, असे लोक मानतात. आजोबा विल्यम पोलेक्सफेन अबोल व कडक स्वभावाचे होते. मुलाला कथा मिळाल्या त्या घरातील नोकरमाणसांकडून, नावाड्यांकडून आणि कोळ्यांकडून. अमुक टेकडीत कोण राहते, अमुक वाटेने रात्री का जाऊ नये, अमुक घरातील सून एकाएकी का खंगली, याची उत्तरे त्या गावात तयार असत. गोष्ट आणि भूगोल तेथे वेगळे नव्हते. येट्स यांच्या कवितेत स्थळनामे इतक्या अधिकाराने येतात, त्याचे मूळ येथे आहे.

इ.स. १८८० नंतर आर्थिक ओढाताणीमुळे कुटुंब डब्लिनला परतले आणि काही काळ हाउथ या कोळीवस्तीत राहिले. आई सुसान हिला पुस्तकांची गोडी नव्हती. मात्र स्वयंपाकघरात चहा घेत एका कोळ्याच्या बायकोबरोबर ती गावच्या गोष्टींची देवाणघेवाण करीत बसे. येट्स यांनी आपल्या आत्मचरित्रात या प्रसंगाचा जिव्हाळ्याने उल्लेख केला आहे. वडिलांनी मुलाला शेक्सपिअर व शेली वाचून दाखवले, याची नोंद चरित्रकार आवर्जून घेतात. आईच्या स्वयंपाकघराकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे.

शाळेत येट्स सामान्यच होते. ते उशिरा वाचायला शिकले आणि त्यांचे शुद्धलेखन जन्मभर कच्चे राहिले. इ.स. १८८४ ते १८८६ या काळात त्यांनी डब्लिनच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. तेथे त्यांची जॉर्ज रसेल या कवी-चित्रकाराशी मैत्री झाली आणि दोघेही गूढविद्येकडे ओढले गेले. इ.स. १८८५ मध्ये त्यांच्या पहिल्या कविता 'डब्लिन युनिव्हर्सिटी रिव्ह्यू' या मासिकात छापून आल्या. त्याच वर्षी त्यांची जॉन ओलिअरी यांच्याशी भेट झाली. ओलिअरी हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध कट केल्याबद्दल तुरुंगवास व हद्दपारी भोगून परतलेले वृद्ध क्रांतिकारक होते. त्यांच्या संग्रहातील आयरिश पुस्तके वाचल्यावर अर्केडिया व भारत यांविषयीच्या स्वप्नाळू कविता लिहिणारा हा तरुण स्वदेशाकडे वळला. याच सुमारास स्टँडिश ओग्रेडी यांनी इंग्लिशमध्ये सांगितलेल्या प्राचीन आयरिश वीरकथाही त्यांच्या वाचनात आल्या. इ.स. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द वॉन्डरिंग्ज ऑफ ओशीन' या दीर्घकाव्यात नीव्ह या अप्सरेबरोबर चिरतारुण्याच्या देशात गेलेला वीर ओशीन तीनशे वर्षांनी परत येतो आणि आपला मुलूख बदललेला पाहतो, ही कथा आहे.

लोककथांचा शोध

इ.स. १८८७ मध्ये कुटुंब पुन्हा लंडनला गेले. उपजीविकेसाठी येट्स यांनी संपादनाची कामे स्वीकारली. त्यांतूनच इ.स. १८८८ मध्ये 'फेअरी अँड फोक टेल्स ऑफ द आयरिश पेझंट्री' हा संग्रह सिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. संग्रहातील बहुतेक कथा क्रॉफ्टन क्रोकर, विल्यम कार्लटन, लेडी वाइल्ड, डग्लस हाइड इत्यादींच्या लेखनातून निवडलेल्या आहेत. पूर्वीच्या काही संग्राहकांनी आयरिश शेतकऱ्याला विनोदी पात्र बनवले, तर शास्त्रीय वृत्तीच्या अभ्यासकांनी कथेतील प्राण काढून तिचा केवळ नमुना जतन केला, अशी येट्स यांची तक्रार होती. सांगणारा माणूस आणि त्याचा विश्वास या दोहोंना संग्रहात जागा हवी, असे त्यांना वाटे.

या कथांतील मुख्य पात्रे म्हणजे 'शी' लोक. मराठीत त्यांना पऱ्या म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो शब्द फसवा आहे. नाजूक पंखांच्या, मुलांना भेटवस्तू देणाऱ्या पऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. आयरिश भाषेत 'शी' हे मुळात प्राचीन मातीच्या टेकाडांचे नाव. ख्रिस्ती धर्मापूर्वीचे देव या टेकाडांच्या पोटात राहावयास गेले आणि तेथेच त्यांची वस्ती आहे, अशी समजूत आहे. ते देखणे, मानी आणि लहरी असतात. तरुण नववधू, बाळंतिणी, सुंदर मुले यांना ते उचलून नेतात आणि त्यांच्या जागी आपल्यातील एखादे रोगट मूल किंवा निर्जीव प्रतिमा ठेवतात. वाटेवर वावटळ उठून पाने गरगरली की शी लोकांची स्वारी चालली असे मानून खेडूत मनातल्या मनात देवाचे नाव घेत. येट्स यांनी आपल्या संग्रहात या मंडळींची वर्गवारी केली आहे: जथ्याने हिंडणारे आणि एकटे राहणारे. जोडे शिवणारा लेप्रेकॉन आणि घरात मृत्यू येणार असता विलाप करणारी बॅन्शी ही दुसऱ्या वर्गातील होत.

या समजुतींमागे गरीब समाजाचे खरे दुःख होते. बालमृत्यू, बाळंतपणातील मृत्यू आणि क्षयाने खंगत जाणारी तरुण माणसे यांचा अर्थ लावण्याचा तो एक मार्ग होता. येट्स यांना हे जाणवले होते. त्यांच्या 'द स्टोलन चाइल्ड' (इ.स. १८८६) या कवितेत शी लोक एका मुलाला आपल्याबरोबर बोलावतात. कविता वरवर मोहक आहे. परंतु अखेरच्या कडव्यात ते मूल ज्या गोष्टींना मुकणार आहे त्या वासरांच्या, चुलीवरील किटलीच्या, घरातल्या उंदरांच्या अशा अगदी साध्या आहेत. 'द लँड ऑफ हार्ट्स डिझायर' (इ.स. १८९४) या नाटिकेत एक नववधू याच हाकेला भुलते.

इ.स. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द केल्टिक ट्वायलाइट' या गद्य पुस्तकात येट्स यांनी स्वतः ऐकलेल्या गोष्टी दिल्या आहेत. बॅलिसोडेर गावात एका गळक्या खोपटात राहणारा पॅडी फ्लिन हा म्हातारा त्यांचा आवडता कथेकरी होता. मामा जॉर्ज पोलेक्सफेन यांच्याकडे काम करणाऱ्या मेरी बॅटल या बाईला भविष्यातील गोष्टी दिसतात असा लौकिक होता. तिच्याकडूनही त्यांना विपुल सामग्री मिळाली. 'डाउन बाय द सॅली गार्डन्स' या प्रसिद्ध गीताचा जन्म असाच झाला. बॅलिसोडेरमधील एका वृद्ध शेतकरी बाईला अर्धवट आठवणाऱ्या तीन ओळींवरून त्यांनी संपूर्ण गीत रचले. इ.स. १९०९ मध्ये त्याला एक पारंपरिक चाल लावण्यात आली आणि आज ते आयर्लंडमध्ये लोकगीत म्हणूनच गायले जाते. लोकांकडून घेतलेले लोकांकडे परत गेल्याचे इतके सरळ उदाहरण येट्स यांच्या साहित्यात दुसरे नाही.

इ.स. १८९७ च्या उन्हाळ्यात येट्स गॉल्वे परगण्यातील कूल येथे लेडी ऑगस्टा ग्रेगरी यांच्याकडे राहावयास गेले. त्यांची प्रकृती ढासळली होती आणि मनही थाऱ्यावर नव्हते. लेडी ग्रेगरी त्यांना आसपासच्या खोपटांतून घेऊन जात आणि ऐकलेल्या गोष्टी रात्री लिहून काढीत. त्या आयरिश भाषा शिकल्या होत्या, त्यामुळे येट्स यांना बंद असलेली दारे त्यांना उघडी होती. या सामग्रीतून इ.स. १९२० मध्ये 'व्हिजन्स अँड बिलीफ्स इन द वेस्ट ऑफ आयर्लंड' हा लेडी ग्रेगरी यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात येट्स यांचे निबंध व टिपा आहेत.

भाषेचा प्रश्न येट्स यांना टाळता आला नाही. इ.स. १८९२ मध्ये डग्लस हाइड यांनी आयर्लंडने इंग्लिश वळण टाकून आयरिश भाषेकडे परतले पाहिजे, असे प्रतिपादन करणारे भाषण केले. येट्स यांनी त्यावर जाहीर पत्र लिहून भाषा इंग्लिश असली तरी आत्मा आयरिश असलेले राष्ट्रीय साहित्य निर्माण होऊ शकते, अशी भूमिका मांडली. हाइड यांच्या भाषांतरांचा लाभ त्यांनी स्वतः भरपूर घेतला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या भूमिकेतील अवघडलेपण कळते.

त्यांच्या संग्रहकार्यावर आणखी एक आक्षेप घेतला जातो व त्यात तथ्य आहे. येट्स काही काळ मॅडम ब्लाव्हाट्स्की यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीत होते आणि इ.स. १८९० पासून 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाचे सदस्य होते. शेतकऱ्याच्या समजुतींत त्यांना याच प्राचीन विद्येचे अवशेष दिसत. परिणामी ज्या लोकांच्या मुखी जपमाळ व संतांची नावे होती, त्यांच्या कॅथलिक श्रद्धेला येट्स यांच्या लेखनात त्या मानाने कमी जागा मिळाली.

मॉड गॉन

३० जानेवारी १८८९ रोजी मॉड गॉन ही देखणी व तडफदार स्वातंत्र्यवादी तरुणी येट्स यांच्या घरी आली. तिच्यावरील प्रेमाने त्यांचे पुढील जवळजवळ तीन दशकांचे आयुष्य व्यापले. त्यांनी अनेकदा घातलेली लग्नाची मागणी तिने नाकारली आणि इ.स. १९०३ मध्ये तिने मेजर जॉन मॅकब्राइड यांच्याशी विवाह केला. तो विवाह लवकरच मोडला. येट्स यांच्या कवितेत ती कधी ट्रॉयची हेलन, कधी शी लोकांची राणी होऊन येते. तिची मते त्यांना पटत नसत, आणि तिला त्यांचे घाबरट राजकारण पटत नसे.

रंगभूमी

इ.स. १८९९ मध्ये येट्स, लेडी ग्रेगरी, एडवर्ड मार्टिन आणि जॉर्ज मूर यांच्या पुढाकाराने आयरिश लिटररी थिएटर सुरू झाले. पहिलाच प्रयोग येट्स यांच्या 'द काउंटेस कॅथलीन' या नाटकाचा होता. दुष्काळात उपाशी प्रजेचे आत्मे विकत घ्यावयास सैतानाचे व्यापारी येतात, तेव्हा जमीनदारीण कॅथलीन आपला आत्मा विकून प्रजेला वाचवते, असे त्याचे कथानक आहे. आयरिश शेतकरी भाकरीसाठी आत्मा विकील ही कल्पनाच अनेक कॅथलिकांना अपमानास्पद वाटली. इ.स. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या देशात, एका प्रोटेस्टंट लेखकाच्या नाटकात उद्धार करणारी जमीनदारीण असावी, ही गोष्ट खुपणारच होती. भरीला, ज्या कथेवर हे नाटक बेतले होते ती येट्स आयरिश लोककथा समजत होते. ती मुळात फ्रेंच असल्याचे त्यांना पुढे कळले आणि ते त्यांनी प्रांजळपणे नमूद केले.

'कॅथलीन नी हूलिहान' (इ.स. १९०२) या नाटिकेचा परिणाम याहून खोल झाला. कॅथलीन नी हूलिहान हे आयरिश गीतपरंपरेत देशाला दिलेले नाव. इ.स. १७९८ च्या उठावाच्या काळात एका शेतकऱ्याच्या घरी लग्नाची तयारी चालू असता एक अनोळखी म्हातारी येते. आपली चार हिरवी शेते परक्यांनी बळकावली असे सांगते आणि नवरदेवाला लढाईस घेऊन जाते. जाताना ती म्हातारी राहत नाही, तिची तरुण राणी होते. मुख्य भूमिका मॉड गॉन हिने केली होती. यातील संवाद बव्हंशी लेडी ग्रेगरी यांनी लिहिले, असे आज मानले जाते; नाव मात्र दीर्घकाळ एकट्या येट्स यांचेच राहिले. शी लोक तरुणांना उचलून नेतात ही जुनी भीती येथे देशासाठी मरण्याच्या हाकेत बदलली आहे.

२७ डिसेंबर १९०४ रोजी ॲनी हॉर्निमन यांच्या अर्थसाहाय्याने ॲबी थिएटरचा पडदा उघडला. जॉन मिलिंग्टन सिंग हे या रंगभूमीचे सर्वांत समर्थ नाटककार ठरले. पॅरिसमध्ये भेट झाली असता येट्स यांनीच त्यांना ॲरन बेटांवर जाऊन तेथील लोकजीवन पाहण्याचा सल्ला दिला होता. इ.स. १९०७ मध्ये सिंग यांच्या नाटकावरून प्रेक्षागृहात दंगल झाली, तेव्हा येट्स प्रेक्षकांच्या रोषापुढे ठामपणे उभे राहिले. वीर कुहूलिन याच्यावर त्यांनी स्वतः पाच नाटके लिहिली. त्यांतील 'ॲट द हॉक्स वेल' (इ.स. १९१६) जपानच्या नो नाट्याच्या प्रभावाखाली, मुखवटे व नृत्य योजून रचलेले आहे.

काव्यशैली

आरंभीच्या काळातील येट्स यांची शैली लांब, हेलकावे घेणाऱ्या लयीची आहे. ब्लेक, शेली व प्री-राफेलाइट चित्रकार-कवी यांचा तिच्यावर ठसा आहे. गुलाब, धुके, संध्याकाळ, वारा, फिकट चेहरे ही प्रतीके वारंवार येतात. स्लायगोजवळील सरोवरातल्या बेटावरील 'द लेक आइल ऑफ इनिस्फ्री' ही कविता याच काळातील असून, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका दुकानातील कारंज्याचा आवाज ऐकून ती सुचली. 'द विंड अमंग द रीड्स' (इ.स. १८९९) या संग्रहात ही शैली पूर्णत्वास पोहोचली आणि तेथेच तिचा रस्ता संपला.

पुढील बदल हा येट्स यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण भाग आहे. नामवंत झालेला कवी पस्तिशीनंतर आपली शैली मोडून नवी घडवतो, असे साहित्यात क्वचित घडते. नाट्यगृहाच्या व्यवहाराने त्यांना बोलीचा कस शिकवला. नटाच्या तोंडी न बसणारा शब्द टाकावाच लागतो. इ.स. १९१३ पासून तीन हिवाळे एझ्रा पाउंड हा तरुण अमेरिकन कवी ससेक्समध्ये त्यांच्याबरोबर राहिला. त्याच्या सहवासाने अमूर्त शब्द गाळण्याची सवय वाढली. 'रिस्पॉन्सिबिलिटीज' (इ.स. १९१४) या संग्रहातील एका छोट्या कवितेत जुन्या पुराणकथांनी विणलेला अंगरखा उतरवून उघड्याने चालण्याची प्रतिमा आहे. अनुकरण करणाऱ्यांनी तो अंगरखा चोरून मिरवला, याची चीड त्यामागे आहे.

अंगरखा उतरला तरी लोककथा सुटली नाही. ती सजावटीतून निघून कवितेच्या हाडात गेली. उत्तरकाळातील कविता लोकगीतांचे ध्रुपद वापरतात, आणि ते ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर वेगळा अर्थ देते. इ.स. १९३२ च्या संग्रहातील क्रेझी जेन ही बिशपशी वाद घालणारी वेडसर बाई गॉर्टजवळ राहणाऱ्या एका खऱ्या म्हातारीवरून सुचली होती. पूर्वीच्या शी लोकांपेक्षा ती आयर्लंडच्या मातीच्या कितीतरी जवळ आहे.

छंदाच्या बाबतीत येट्स परंपरानिष्ठ राहिले. त्यांच्या समकालीनांनी मुक्तछंद स्वीकारला, परंतु त्यांनी यमक व बांधीव कडवी सोडली नाहीत. 'सेलिंग टू बायझँटियम' व 'अमंग स्कूल चिल्ड्रन' या कविता आठ ओळींच्या ओत्तावा रीमा या इटालियन बंधात आहेत. मात्र त्या काटेकोर साच्यात रोजच्या बोलण्याचा ठेका बसवून ते अर्धयमके मुक्तपणे वापरतात. त्यांचे लेखन अतिशय संथ चाले. पुष्कळदा ते प्रथम गद्यात आशय लिहीत, मग ओळी पुटपुटत, हाताने ठेका धरत पद्य घडवीत. छापून झालेल्या कविताही ते जन्मभर बदलत राहिले, त्यामुळे अभ्यासकांना कोणता पाठ धरावा हा प्रश्न नेहमीच पडतो.

इ.स. १९१६ चा उठाव, विवाह व बॅलिलीचा बुरूज

इ.स. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो मोडून काढून त्याच्या नेत्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत मॉड गॉन हिचा पती मॅकब्राइडही होता. ज्यांची आपण थट्टा केली ती सामान्य माणसे एका रात्रीत दंतकथेचा भाग झालेली पाहून येट्स यांनी 'ईस्टर, १९१६' ही कविता लिहिली. तिच्यात गौरव आहे तशी शंकाही आहे. म्हणूनच ती आजही वाचली जाते. आपल्या नाटिकेने तर काही तरुणांना मरणाकडे धाडले नसेल ना, हा प्रश्न त्यांनी मृत्यूच्या आदल्या वर्षी रचलेल्या 'मॅन अँड द एको' या कवितेत उघडपणे विचारला आहे. त्याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही.

२० ऑक्टोबर १९१७ रोजी बावन्न वर्षांच्या येट्स यांचा जॉर्जी हाइड-लीस यांच्याशी विवाह झाला. विवाहानंतर थोड्याच दिवसांत पत्नीने तंद्रीत आपोआप लिहिण्यास सुरुवात केली. त्या शेकडो पानांतून चंद्रकलांवर आधारलेली मानवी स्वभावाची व इतिहासाची एक रचना तयार झाली आणि ती 'अ व्हिजन' (इ.स. १९२५, सुधारित इ.स. १९३७) या ग्रंथात मांडली गेली. ग्रंथ दुर्बोध आहे. पण 'द सेकंड कमिंग' सारख्या कवितांची प्रतिमासृष्टी त्याच्याशी जोडलेली आहे. या दांपत्यास ॲन व मायकेल ही दोन अपत्ये झाली.

त्याच वर्षी येट्स यांनी कूलजवळील बॅलिली येथील जुना नॉर्मन बुरूज ३५ पौंडांना विकत घेतला आणि त्याला 'थूर बॅलिली' असे नाव दिले. ही निवड सहज केलेली नव्हती. वीस वर्षांपूर्वी लोककथा गोळा करताना ते याच गावी आले होते. आंधळा आयरिश कवी रॅफ्टरी याने बॅलिलीच्या मेरी हाइन्स या सुंदरीवर रचलेले गीत तेथील वृद्धांना पाठ होते. ती तरुणपणीच वारली, तेव्हा शी लोकांनीच तिला नेले असे ते म्हणत. 'द टॉवर' (इ.स. १९२८) या संग्रहातील शीर्षककवितेत म्हातारपणाने संतापलेला कवी बुरुजाच्या गच्चीवर उभा राहून आसपासच्या साऱ्या मृतांना बोलावतो. त्यांत मेरी हाइन्स आहे, रॅफ्टरी आहे आणि येट्स यांनी स्वतःच्या कथांत निर्माण केलेला हॅनरहॅनही आहे. त्या मेळाव्यात खरा कोण आणि कल्पित कोण, हा भेद उरत नाही. इ.स. १९२२ च्या यादवी युद्धात बुरुजालगतचा पूल उडवून देण्यात आला होता. त्या काळाची अस्वस्थताही या संग्रहात आहे.

इ.स. १९२२ ते १९२८ या काळात येट्स सिनेटचे सदस्य होते. घटस्फोटावर बंदी घालण्याच्या धोरणाविरुद्ध इ.स. १९२५ मध्ये त्यांनी प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांच्या वतीने घणाघाती भाषण केले. नव्या देशाची नाणी ठरविणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. घोडा, बैल, सामन मासा, कोंबडी यांची चित्रे असलेली ती देखणी नाणी इ.स. १९२८ मध्ये प्रचारात आली. नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनी व्याख्यानाचा विषय आयरिश नाट्यचळवळ हा निवडला आणि सिंग व लेडी ग्रेगरी यांचे ऋण मान्य केले.

भारतीय विचार आणि पुरोहित स्वामी

भारताविषयी येट्स यांना तरुणपणापासून ओढ होती. डब्लिनमध्ये आलेल्या मोहिनी चॅटर्जी यांच्या वेदान्तावरील विवेचनाने ते भारावले होते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या इंग्लिश 'गीतांजली'स (इ.स. १९१२) त्यांनी प्रस्तावना लिहिली.

मराठी वाचकाला जवळचा असा भाग त्यानंतरचा आहे. इ.स. १९३१ मध्ये लंडनमध्ये त्यांची श्री पुरोहित स्वामी यांच्याशी भेट झाली. स्वामी मूळचे वऱ्हाडातील बडनेऱ्याचे, मातृभाषा मराठी आणि दत्तभक्त. येट्स यांच्या आग्रहाने स्वामींनी इंग्लिशमध्ये लिहिलेले आत्मचरित्र इ.स. १९३२ मध्ये येट्स यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी आपल्या कैलास-मानस यात्रेचे वर्णन मराठीत लिहिले होते, स्वामींनी केलेले त्याचे भाषांतर 'द होली माउंटन' (इ.स. १९३४) या नावाने निघाले आणि त्यासही येट्स यांनी दीर्घ प्रस्तावना जोडली. 'मेरू' हे त्यांचे सुनीत याच वाचनातून उगवले. इ.स. १९३५-३६ च्या हिवाळ्यात माजोर्का बेटावर दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचे इंग्लिश भाषांतर सिद्ध केले, ते इ.स. १९३७ मध्ये प्रकाशित झाले. येट्स यांना संस्कृत येत नव्हते. आयरिश कथांच्या बाबतीत जे झाले तेच येथेही झाले: भाषा जाणणारा दुसरा, आणि इंग्लिश वाक्याला लय देणारे येट्स. संस्कृतज्ञांना या भाषांतरात मोकळीक फार घेतलेली वाटते, परंतु ते मोठ्याने वाचण्याजोगे आहे.

अखेरची वर्षे

इ.स. १९३२ मध्ये लेडी ग्रेगरी यांचे निधन झाले आणि कूलचे पर्व संपले. येट्स यांचे या दशकातील राजकीय विचार त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीत टाकतात. इ.स. १९३३ मध्ये ते काही काळ 'ब्लूशर्ट' या फॅसिस्ट वळणाच्या संघटनेकडे ओढले गेले आणि तिच्यासाठी त्यांनी गीते लिहिली. पुढे ते दूर झाले. तथापि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'ऑन द बॉयलर' या पुस्तिकेत वंशसुधारणेच्या नावाखाली सामान्य माणसाविषयी तुच्छता व्यक्त झाली आहे. खोपटातील कथेकऱ्यांवर ज्याने जन्मभर प्रेम केले, त्याच्याच लेखणीतून हे उतरले. शेतकरी आणि सरदार हे दोघे तेवढे खरे व मधला शहरी माणूस क्षुद्र, ही त्यांची जुनी धारणा याच्या मुळाशी आहे आणि ती त्यांच्या लोककथाप्रेमापासून अगदीच वेगळी काढता येत नाही.

याच वर्षांत त्यांनी आपल्या काही सर्वोत्तम कविता लिहिल्या. 'द सर्कस ॲनिमल्स डिझर्शन' या कवितेत त्यांनी ओशीन, काउंटेस कॅथलीन व कुहूलिन या आपल्या जुन्या पात्रांची हजेरी घेतली आहे, आणि ती सारी आपल्या स्वतःच्या अतृप्तीतून जन्मली होती, असा कबुलीजबाब दिला आहे. कुहूलिनच्या मृत्यूवरील नाटकावर ते अखेरच्या महिन्यांत काम करीत होते.

२८ जानेवारी १९३९ रोजी दक्षिण फ्रान्समधील कॅप मार्टिन येथे येट्स यांचे निधन झाले. जवळच्या रोकब्रून गावात त्यांचे दफन झाले. वर्षभरात देह स्लायगोस नेण्याची इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती, परंतु महायुद्धामुळे ते राहून गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये 'माहा' या आयरिश नौदलाच्या जहाजाने अवशेष गॉल्वे बंदरात आणण्यात आले. त्या वेळी आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री मॉड गॉन हिचे चिरंजीव शॉन मॅकब्राइड होते. मधल्या काळात रोकब्रून येथील थडग्यातील अस्थी हलविल्या गेल्या असल्याने, आणलेले अवशेष येट्स यांचेच आहेत काय, याविषयी शंका घेतली जाते. बेन बुल्बेनच्या पायथ्याशी ड्रमक्लिफ येथील चर्चच्या आवारात, जेथे त्यांचे पणजोबा पाद्री होते, त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. संगमरवर नको, जवळच्या खाणीतला चुनखडीचा दगड असावा, अशी सूचना त्यांनी आपल्या एका अखेरच्या कवितेत करून ठेवली होती. त्याच कवितेच्या शेवटच्या तीन ओळी दगडावर कोरलेल्या असून त्या वाटेने जाणाऱ्या एका घोडेस्वाराला उद्देशून आहेत. इ.स. १९६८ मध्ये पत्नी जॉर्जी यांचे दफन तेथेच शेजारी झाले.